स्प्रे वॅक्स मारलं की बॉनेटवर पट्टे: बाटली बदलण्याआधी बादली बघा

संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसते. सकाळी सातला गेटबाहेर काढली आणि तिरपं ऊन बॉनेटवर पडलं, की त्याच गाडीवर दुधाळ पट्टे दिसायला लागतात. मधूनच रस्त्यावरच्या तेलकट डबक्यासारखे सप्तरंगी फराटे, आणि डिकीच्या कडेला फडकं फिरवल्याच्या अर्धगोल खुणा. पुसलं की गेल्यासारखे वाटतात. पुढच्या रविवारी गाडी धुऊन स्प्रे वॅक्स, म्हणजे चमक यायला फवारून पुसायचं ते बाटलीतलं द्रव, मारलं की पुन्हा हजर.

माझ्याकडे हे दीड वर्ष चाललं. गाडी गडद निळी, राहायला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, सोसायटीत अर्धं पाणी बोअरचं आणि अर्धं टँकरचं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही हेच होत असतं, फक्त दिसत नाही. त्यामुळे या बाबतीत पांढऱ्या गाडीवाल्या शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नये. मी घेतला होता. त्याने सांगितलं, 'बाटली बदल.' बदलली. मग अजून एक बदलली. तिसरी बाटली पहिल्या दोघींच्या मिळून किमतीची होती, आणि पट्टे तसेच.

तिन्ही बाटल्या आजही फळीवर आहेत आणि तिन्ही चांगल्या चालतात. दोष त्यांच्यात नव्हताच.

आधी बोट लावून बघा

'पट्टे' या एका शब्दात तीन वेगवेगळे आजार येतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. म्हणून फडकं उचलायच्या आधी एवढं करा. गाडी सावलीत, पत्रा गार. मोबाइलचा टॉर्च पट्ट्यावर तिरपा धरा आणि स्वच्छ, कोरडं बोट त्यावरून एकदा ओढा.

बोटाची रेघ उमटली, सप्तरंगी झाक सरकली, तर वरती वॅक्स जास्त झालंय. नीट पुसलं न गेलेला तेलकट थर आहे तो.

बोटाने काही होत नाही, ओल्या फडक्याने दाबून पुसलं तर ओलं असेपर्यंत दिसेनासं होतं आणि वाळलं की पुन्हा पांढुरकं वर येतं, तर ते क्षार आहेत. पाण्यातले. नीट पाहिलं तर कडेला गोल गोल किनार असते, चहाच्या कपाचा डाग पडतो तशी, फक्त बारीक.

काहीच केल्या काहीच होत नाही, आणि टॉर्च हलवला की त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा फिरतात, तर ते ओरखडे. त्यावर स्प्रे वॅक्स मारून दोन दिवस बरं वाटेल, बाकी काही नाही. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ. ओरखडे त्या थरात असतात आणि ते काढायचे तर तो थर थोडा घासूनच काढावा लागतो. ते पॉलिशिंगचं काम, ते वेगळं. इथे त्यात शिरत नाही.

माझ्या बॉनेटवर पहिल्या दोन्ही गोष्टी होत्या. डिकीवर तिन्ही.

पाणी

आता मूळ दुखणं. आमच्याकडे आरओ फिल्टर आहे आणि त्याचं सांडपाणी नळीतून एका मोठ्या बादलीत जमा होतं. आईला पाणी वाया गेलेलं खपत नाही. 'एवढं स्वच्छ पाणी मोरीत सोडतोस? गाडीला वापर की.' पाणी दिसायला खरंच नितळ असतं. असा सल्ला जिकडेतिकडे दिला जातो, आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला तो ठीकच आहे. मीही दर रविवारी त्याच बादलीने गाडी धूत होतो.

एकदा मित्राने टीडीएस मीटर आणला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, दोनअडीचशे रुपयांना मिळणारं पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवायचं आणि आकडा वाचायचा. बोअरचं पाणी ६४०. फिल्टरचं प्यायचं पाणी ६०. आणि ती नितळ बादली? ८३०.

आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. फिल्टर क्षार नाहीसे करत नाही. तो थोडं पाणी शुद्ध करून एका बाजूला काढतो, आणि त्यातले बहुतेक सगळे क्षार उरलेल्या पाण्याच्या माथी मारतो. एक भाग प्यायचं पाणी निघताना तीन भाग वाया जात असतील तर त्या तीन भागांत जवळजवळ चार भागांचे क्षार येऊन बसतात. ८३० म्हणजे लिटरमागे ८३० मिलिग्रॅम. पंधरा लिटरच्या बादलीत साधारण साडेबारा ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच चमचे मीठ कालवून मी दर आठवड्याला गाडीला अंघोळ घालत होतो. त्यातलं बरंचसं वाहून जातं हे खरं, पण जे थेंब पत्र्यावर वाळतात ते आपल्या वाटणीचे क्षार तिथेच सोडून जातात. त्यातला चुना एकदा वाळला की नुसत्या पाण्याने परत विरघळत नाही. बाथरूमच्या नळावर जे पांढरं चढतं, तेच हे.

इथे एक गैरसमज होतो. 'आमच्याकडचं पाणी पिण्यालायक आहे, मग गाडीला काय होतंय?' पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. माणसाच्या पोटाला ते चालतं. गडद निळ्या बॉनेटला नाही.

आता यात वॅक्सचा संबंध काय? स्प्रे वॅक्स म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात थोडं मेण किंवा पॉलिमर, थोडं सिलिकोन, आणि ते एकत्र धरून ठेवणारी रसायनं. बाटलीवर 'कार्नोबा' असं मोठ्या अक्षरात असलं तरी ब्राझीलच्या त्या ताडाच्या पानावरचं मेण आत नावापुरतंच असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळं मेणच असतं तर ते फवारलंच गेलं नसतं. पण हा पाणीदार फवारा क्षारांच्या पातळ थरावर पडला की थर ओला होतो, फडक्याबरोबर पसरतो आणि वॅक्सच्या खाली-मध्ये अडकून वाळतो. ट्यूबलाइटला दिसत नाही, सकाळच्या उन्हाला दिसतो. त्यातून काही बाटल्यांवर 'ओल्या गाडीवर मारा आणि पुसा' असं लिहिलेलं असतं. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याच्या गावात ही पद्धत झकास आहे. बोअरच्या पाण्यात तीच पद्धत म्हणजे क्षारांना वॅक्समध्ये कोंडून ठेवणं.

माझं म्हणणं असंच मान्य करू नका. बॉनेटवर मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा. एक अर्ध नेहमीच्या पाण्याने धुवा, दुसरं अर्ध शेवटी फिल्टरच्या प्यायच्या पाण्याने खळखळून काढा. दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या दोन स्वच्छ फडक्यांनी कोरड्या करा, एकच वॅक्स, तेवढंच मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. मी केलं तेव्हा नेहमीच्या पाण्याच्या डाव्या बाजूला पट्टे होते आणि उजवीकडे जवळजवळ नव्हते. 'जवळजवळ' का, ते पुढे येतं.

उपाय सोपा आहे आणि त्यासाठी प्यायच्या पाण्याच्या बादल्या ओतायची गरज नाही. (तसं केलं असतं तर आईने मला घरातच घेतलं नसतं, दहा लिटर प्यायच्या पाण्यामागे तीस लिटर वाया जातं.) गाडी नेहमीच्याच पाण्याने (आरओच्या बादलीने नाही) आणि कार शाम्पूने धुवायची, पण एकेक भाग, आणि तो वाळायच्या आत पुढचं करायचं. शेवटी कुंड्यांवर फवारायचा तो दोन लिटरचा दाबाचा पंप असतो ना, त्यात फिल्टरचं प्यायचं पाणी भरून वरून खाली एक हात मारायचा. छपरापासून सुरुवात. दोन लिटरमध्ये छोटी गाडी होते, मोठीला तीन लागतात. मग लगेच कोरडी करायची.

एप्रिल-मेमध्ये या पंपासाठी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जमवा. हवेतली वाफ गार होऊन पडलेलं ते पाणी, क्षार नसल्यातच जमा. धूळ असते, म्हणून सुती फडक्यातून गाळून घ्या. पावसाळ्यात पहिले दोनचार पाऊस होऊन गेले की गच्चीवर टब ठेवा, पागोळीखाली नको, उघड्यावर. आणि तुमच्याकडे धरणाचं पाणी नळाला येत असेल तर यातलं काहीच लागणार नाही. मामाकडे पेठेत महापालिकेच्या नळाचं पाणी मोजलं तर मीटर शंभरीच्या आत. मामाची गाडी काळी आहे, पुसायचं फडकं जुन्या बनियनचं आहे, आणि पट्टे माझ्यापेक्षा कमी. जीव जळतो, पण असं आहे.

किती मारता?

उजव्या अर्ध्यावर जे 'जवळजवळ' राहिलं होतं, ते सप्तरंगी होतं आणि बोटाने सरकत होतं. म्हणजे वॅक्स जास्त.

आपल्याला वाटतं, जेवढं जास्त तेवढी चकाकी जास्त. तसं नसतं. रंगाला धरून राहील एवढाच थर टिकतो, बाकीचं वर तेलासारखं लोळतं, धूळ धरतं आणि पट्टे दाखवतं. मी एका दरवाजाला सहा-सात वेळा ट्रिगर दाबायचो. आता दोनदा. बॉनेटला चार, तेही दोन भागांत. आणि फवारा पत्र्यावर नाही, फडक्यावर. नवी बाटली असो की जुनी, नोझल पहिल्या दाबाला जाड थेंब थुंकतं. ते थेंब जिथे पडतात तिथे गोल खूण राहते.

बाटली आधी हलवा. चांगली, अर्धा मिनिट. तेल-पाण्याचं ते मिश्रण आहे, ठेवल्या ठेवल्या वेगळं होतं. डिकीत उन्हाळाभर राहिलेली बाटली हलवूनही दह्यासारखी फुटलेली दिसत असेल तर ती बाजूला ठेवा. गाळून वापरायचा मोह मला झाला होता. नोझल चोंदलं एवढंच.

एकावर एक वेगवेगळ्या बाटल्या मारणं हाही एक छंद असतो. खाली मेणाचं, वर 'सिरॅमिक' म्हणवणारं, त्यावर दुकानदाराने फुकट दिलेलं काहीतरी. तेलकट थरावर दुसऱ्या जातीचा थर नीट बसत नाही, फराटे उठतात. एक धरा आणि तेच चालवा.

फडकं

दोन फडकी लागतात. एकाने पसरायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच हलक्या हाताने फिनिश करायचं. एकाच फडक्याने दोन्ही करणारा माणूस वॅक्स इकडून तिकडे नेत असतो, पुसत नसतो. फडकं चारपदरी घडी करा म्हणजे आठ बाजू मिळतात. एक बाजू चिकट वाटली की उलटा.

माझ्या फडक्यांत आणखी एक गोम निघाली. मायक्रोफायबर घरच्या कपड्यांबरोबर मशीनला जात होती, आणि शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर. कपडे मऊ होतात ते त्याचा पातळ थर धाग्यांवर चढतो म्हणून. मायक्रोफायबरच्या बारीक धाग्यांवर तोच थर चढला की फडकं पाणी शोषायचं थांबतं आणि स्वतःच काचेवर फराटे ओढतं. तपासायचं असेल तर ओट्यावर चमचाभर पाणी सांडा आणि फडकं नुसतं टेकवा. पाणी ओढून घेतलं तर ठीक. पाणी पुढे ढकललं गेलं तर ते फडकं चाकं पुसायला द्या. गाडीची फडकी वेगळी, साध्या द्रव साबणात, कोमट पाण्यात धुवायची आणि टॉवेलांपासून लांब वाळत घालायची, नाहीतर सुताचे तंतू चिकटतात.

सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसायला मुलगा येतो, त्याच्याबद्दलही बोलायला हवं. त्याचा दोष नाही. वीस गाड्या, एक बादली आणि दोन तासांत आटपायचं. पण विसाव्या गाडीला पहिल्या एकोणीस गाड्यांची माती लागते. कोरड्या धुळीवर ओलं फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. डिकीवरचे माझे कोळ्याचे जाळे तिथून आले. मी त्याला पैसे तेवढेच देतो, पण आता तो फक्त काचा आणि आतलं करतो. दोघंही खूश.

ऊन आणि दमट हवा

तापलेल्या पत्र्यावर मारू नका, फवारा पसरायच्या आत वाळतो आणि ठिपके राहतात. हाताची मागची बाजू बॉनेटवर आरामात टेकवता आली पाहिजे. गाडी चालवून आणल्यावर इंजिनमुळेही बॉनेट तापलेलं असतं, हे विसरायला होतं. उलट जुलैच्या दमट हवेत वॅक्स लवकर सुकतच नाही. पुसलं असं वाटतं आणि पाच मिनिटांनी घाम आल्यासारखं धुरकट होतं. पंधरा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने आणखी एकदा फिरवलं की जातं. त्यावर पुन्हा वॅक्स मारू नका, एवढंच.

आधीचं सगळं काढायचं कसं

दीड वर्षाचे थर होते, त्यामुळे मला एकदा पाटी कोरी करावी लागली. क्रम असा ठेवला.

आधी नीट धुणं. मग क्षारांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी एक हातभर जागा. ओलं फडकं मिनिट-दीड मिनिट डागावर नुसतं ठेवायचं, घासायचं नाही, आणि भरपूर पाण्याने काढायचं. ऊन असेल तर त्या दिवशी हे करूच नका. मग उरलेल्या तेलकट वॅक्ससाठी आयसोप्रोपाइल अल्कोहोल, एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी, फडक्यावर घेऊन एक हात. गाडी नुकतीच डेंटिंग-पेंटिंग करून आणली असेल तर अल्कोहोल लावू नका आणि वॅक्सही नको. नव्या रंगातली द्रव्यं उडून जायला वेळ लागतो, महिना ते तीन महिने. रंग मारणाऱ्याला विचारा, तो त्याच्या रंगानुसार सांगेल.

त्यानंतर पत्र्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवली. ही युक्ती भारी आहे. नुसत्या बोटाला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर असेल तर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, आणि भरपूर शाम्पूचं पाणी. माझ्या छपरावर खरखर होती, आणि ती क्षारांची नव्हती.

आंब्याची होती. आमची पार्किंगची जागा आंब्याखाली आहे. मोहराच्या दिवसांत, जानेवारी ते मार्च, मोहरावरचे तुडतुडे रस शोषतात आणि गोड चिकटा खाली टाकतात. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना हे सांगायला नको. पानं चकचकतात आणि नंतर काळी पडतात ते त्यानेच. तोच चिकटा गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसते आणि आपण त्यावर वॅक्स मारतो. चिकटा कोमट पाण्याने सुटतो, ताजा असेल तर. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं ठेवायचं. पारव्यांच्या विष्ठेलाही हेच करा, पण त्याच दिवशी. ती रविवारपर्यंत थांबत नाही, खाली क्लिअर कोटला चावा घेते.

कुठे मारू नये

पुढच्या काचेवर नको. पावसात रात्री वायपर फिरला की समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरतात. काळ्या खरबरीत प्लास्टिकवर नको, पांढरं होऊन बसतं; बसलंच तर जुना टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी. मॅट रंगावर अजिबात नको. चाकांच्या दिशेने फवारू नका, ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर पहिल्या ब्रेकला कळेल. आणि हेच वॅक्स स्कूटर-मोटरसायकलवर मारणाऱ्यांनी डिस्क तर सोडाच, सीट आणि टायरही वाचवावेत. माझ्या भावाने सीट चमकवली होती. गतिरोधकावर तो टाकीवर आला.

आता माझं असं चालतं: पंधरा दिवसांनी धुणं, पंपाने शेवटचं पाणी, दोन फडकी, फडक्यावर दोन दाब. उन्हाळ्यात महिन्याने वॅक्स, पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी, कारण तेवढ्यात पाणी मोत्यासारखं उभं राहायचं थांबून सपाट पसरायला लागतं. ती खूण बघायची, तारीख नाही. आरओची बादली फरशीला जाते.

डाव्या मागच्या दरवाजावर हाताएवढी जागा आहे, तिथे व्हिनेगर दोनदा लावूनही गोल किनारी तशाच आहेत. क्षार निघालेत, पण खाली क्लिअर कोट खाल्लेला आहे. तिथे ऊन पडलं की दिसतं. ती बाजू मी भिंतीकडे लावतो.